तत्त्व आणि तडजोड : गोपाळ गणेश आगरकर यांचे जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील सुशिक्षित समाज एका जुन्याच प्रश्नाभोवती नव्याने भांडत होता. योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरविणारे नियम सर्व काळी व सर्वांना सारखेच लागू असतात, की देश, काल आणि परिस्थिती यांच्यानुसार ते बदलतात? सनातनी पक्षाच्या मते शास्त्राने हे नियम एकदाच घालून दिलेले होते आणि त्यांत फेरफार करण्याचा अधिकार कोणासही नव्हता. इंग्रजी विद्या घेतलेल्या तरुणांना मात्र निरनिराळ्या देशांचे इतिहास वाचताना दिसत होते, की एका काळी पुण्यकृत्य मानलेली गोष्ट दुसऱ्या काळी गुन्हा ठरली आहे.

या वादात गोपाळ गणेश आगरकर यांचे स्थान वेगळे होते. रूढी मनुष्याने निर्माण केल्या असून त्या काळाबरोबर बदलल्याच पाहिजेत, असे त्यांचे मत होते. नीतीला ईश्वराज्ञेचा आधार लागतो हे त्यांना मान्य नव्हते. असा माणूस सोयीप्रमाणे वागेल, अशी भीती त्यांच्या विरोधकांनी वारंवार व्यक्त केली. प्रत्यक्षात त्यांच्या पिढीत आगरकरांइतका न वाकणारा माणूस क्वचितच दिसतो. नियम बदलतात असे सांगणारा हा गृहस्थ स्वतः इतका स्थिर कशामुळे राहिला, याचे उत्तर त्यांच्या अवघ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यात शोधावे लागते.

शिक्षणाची पायपीट

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या टेंभू या कृष्णाकाठच्या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची असल्यामुळे त्यांचे प्रारंभीचे शिक्षण कराडला आजोळी झाले. पुढे शिकण्याची इच्छा होती. पण तिला पैशाचे पाठबळ नव्हते. काही काळ त्यांनी मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. शिक्षणासाठी ते पायी रत्नागिरीस गेले. तेथे जम न बसल्याने परत आले. कराडच्या दवाखान्यात त्यांनी औषधे तयार करून देण्याचेही काम केले. अखेर नातेवाइकांच्या आश्रयाने ते अकोल्यास गेले. वऱ्हाड त्या वेळी मुंबई इलाख्याच्या बाहेर होता आणि त्याचा कारभार स्वतंत्रपणे चाले. मुलखाबाहेरच्या या मराठी शाळकरी जगात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुणग्राही शिक्षक त्यांना लाभला, आणि आगरकरांच्या आयुष्याला वळण मिळाले.

१८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वृत्तपत्रीय लेखन यांवर त्यांनी कसाबसा खर्च चालविला. अंगात घालायला एकच सदरा असल्याने तो रात्री धुऊन, वाळवून सकाळी पुन्हा घालावा लागे, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते. १८७८ मध्ये ते बी.ए. झाले आणि त्यानंतर इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम.ए. झाले.

त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणापुढे सरकारी नोकरीचे मोठे दार उघडे असे. आगरकरांच्या आईने दारिद्र्यात दिवस काढून मुलाच्या शिक्षणाकडे डोळे लावले होते. आता तो मोठ्या पगारावर चढेल आणि घराला बरे दिवस येतील, ही तिची अपेक्षा स्वाभाविक होती. परीक्षेच्या सुमारास आगरकरांनी तिला पत्र लिहून आपला विचार कळविला. मोठ्या संपत्तीची आशा धरू नये, पोटापुरते मिळवून त्यावर आपण समाधान मानणार आहोत आणि उरलेला सारा वेळ लोकांच्या हितासाठी वेचणार आहोत, अशा आशयाचे ते पत्र होते.

हे पत्र पुढे आदर्श म्हणून पुष्कळांनी सांगितले. त्यातील नैतिक पेच मात्र सहसा सांगितला जात नाही. आईबापांचे ऋण फेडणे हे कर्तव्य सर्व समाजांनी आणि सर्व काळांनी मानलेले आहे. आगरकरांनी ते नाकारले नाही. पण त्याहून मोठ्या वर्तुळातील माणसांचाही आपल्यावर हक्क आहे, असे त्यांनी ठरविले. या निर्णयाची किंमत त्यांच्याबरोबर त्यांच्या आईनेही मोजली. तत्त्वासाठी केलेला त्याग बहुधा एकट्या त्यागकर्त्याचा नसतो, याची ही पहिली खूण होती. पुढे संसार सुरू झाल्यावर हाच प्रश्न त्यांच्यापुढे निराळ्या रूपाने उभा राहणार होता.

शाळा, वृत्तपत्र आणि तुरुंग

डेक्कन कॉलेजात १८७९ साली आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांची गाठ पडली. देशाची स्थिती सुधारायची तर शिक्षण आपल्या लोकांच्या हाती आले पाहिजे, या विषयावर दोघांची रात्र रात्र चर्चा चाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्याच सुमारास सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र शाळा काढण्याचे ठरविले होते. १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक आणि माधवराव नामजोशी त्यात होतेच, एम.ए. झाल्यावर आगरकरही शाळेत रुजू झाले. १८८१ च्या जानेवारीत मराठीतून ‘केसरी’ आणि इंग्रजीतून ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते.

वर्षभरातच सत्यासत्याची एक अवघड परीक्षा त्यांच्यापुढे आली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची बोलवा होती. त्या प्रकरणात कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांना दोषी ठरविणारी पत्रे संपादकांच्या हाती आली. त्यांवर विश्वास ठेवून दोन्ही वृत्तपत्रांनी बर्व्यांवर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. हेतू शुद्ध होता, एका दुर्दैवी राजाविषयीची कळकळ खरी होती. पण छापलेला आरोप सिद्ध होण्यासारखा नव्हता. टिळक-आगरकरांनी दिलगिरी प्रकट केली. तरीही १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. काही दिवसांची सूट मिळून त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले.

या खटल्यात त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी जोतीराव फुले यांनी खटपट केली आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे जामीन राहिले. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने फुल्यांवर अतिशय कठोर टीका केलेली होती, आणि ही तरुण मंडळी चिपळूणकरांच्या पंथातली समजली जात होती. तरीही अन्यायाविरुद्ध बोलल्याबद्दल संकटात सापडलेल्या माणसांना मदत करताना फुल्यांनी पक्ष पाहिला नाही.

तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या मराठी भाषांतराचे काम केले, ते पुढे ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. तुरुंगातील अनुभवांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. त्याच कोठडीत देशाच्या पुढील कार्याविषयी दोघा मित्रांचे बोलणे होत असे आणि मतभेदाच्या रेषाही तेथेच स्पष्ट होऊ लागल्या होत्या.

मोजमाप कोणते?

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तेथे शिकवीत आणि ‘केसरी’ही चालवीत. परंतु सामाजिक प्रश्नांवर त्यांची मते सहकाऱ्यांना जड जाऊ लागली होती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी टिपणे प्रसिद्ध करून सरकारने लक्ष घालावे अशी मागणी केली. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अजाण वयात झालेल्या लग्नाने आपण बांधलेल्या नाही, असे म्हणून नवऱ्याच्या घरी नांदण्यास त्यांनी नकार दिला होता. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम केला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. या प्रश्नांवर आगरकर एका बाजूस आणि टिळकांसह बहुतेक सहकारी दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती झाली. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले. एक वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी ‘सुधारक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलली.

‘सुधारक’च्या पहिल्या सात वर्षांतील लेखनात आगरकरांची नीतिविषयक भूमिका सुसंगतपणे दिसते. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. समाजातील चाली आकाशातून पडत नाहीत. एखाद्या काळच्या गरजेतून, भीतीतून किंवा अज्ञानातून त्या उपजतात, असे ते मांडीत. ‘देवतोत्पत्ति’, ‘सोवळ्याची मीमांसा’ किंवा प्रेतसंस्कारांवरील लेख यांत त्यांनी हीच पद्धत वापरली : आधी चालीचा उगम शोधायचा, मग ती आज कोणाचे काय भले करते ते विचारायचे. स्त्रियांच्या पोशाखासारख्या लहान वाटणाऱ्या विषयावर लिहितानाही त्यांनी रिवाजाऐवजी आरोग्य आणि सोय यांचा विचार पुढे ठेवला.

येथवर ते सापेक्षतावादी दिसतात. पण एवढ्यावर ते थांबले असते, तर प्रत्येक समाजाची चाल त्या समाजापुरती योग्य, असे म्हणून त्यांना गप्प बसता आले असते. विधवेचे केशवपन हीसुद्धा या देशाची एक रीत म्हणून सोडून देता आली असती. आगरकरांनी तसे केले नाही. नियम बदलत असले तरी ते मोजण्याचे माप बदलता कामा नये, हा त्यांच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग होता. हे माप म्हणजे मनुष्याचे सुख आणि विकास. ते ब्राह्मणाला एक आणि शूद्राला दुसरे, पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरे असे लावता येणार नाही, यावर त्यांचा सारा भर होता. म्हणूनच मुलामुलींना एकच शिक्षण आणि एकत्र शिक्षण द्यावे, असे त्या काळात धाडसाचे वाटणारे मत त्यांनी मांडले.

या कसोटीवर त्यांनी सनातन्यांचा दावाही तपासला. धर्माचे नियम त्रिकालाबाधित आहेत असे सांगणारा समाज पन्नाशीच्या विधुराला दहा वर्षांची मुलगी पत्नी म्हणून देत होता आणि दहा वर्षांच्या विधवेला जन्मभर कोंडून ठेवीत होता. नियम जर खरोखरच निरपेक्ष असेल, तर तो दोघांना सारखाच लागू हवा. व्यवहारात तो बलवानाला सैल आणि दुर्बलाला घट्ट होता. निरपेक्ष म्हणविल्या जाणाऱ्या नीतीतील ही सोयीस्कर सापेक्षता आगरकरांनी जितक्या रोखठोकपणे दाखवून दिली, तितकी त्या काळच्या मराठी लेखनात फार थोड्यांनी दाखविली.

बोलणे आणि करणे

मग स्वतःच्या आचरणाचे काय? येथे आगरकरांनी एक भेद स्पष्टपणे स्वीकारला होता. जे इष्ट वाटते ते काहीही हातचे न राखता बोलायचे आणि त्यातले जे साध्य होईल ते करायचे, असा त्यांचा बाणा होता. तडजोडीची मर्यादा कोठे असावी, यावर इंग्लंडमध्ये जॉन मोर्ले यांनी १८७४ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मत बनविणे, मत उच्चारणे आणि मत अमलात आणणे या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या होत्या, आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर तडजोड घातक ठरते, असे दाखविले होते. आगरकरांची वृत्ती याच जातीची होती. कृतीला परिस्थितीचे बंधन असते, कारण कृतीत इतर माणसे गुंतलेली असतात. विचाराला आणि उच्चाराला तसे बंधन घातले, तर उद्या परिस्थिती अनुकूल झाली तरी काय करायचे होते याचाच विसर पडतो.

घरात त्यांनी हा भेद पाळला. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू होत्या. देवाधर्मावर कठोर लेख लिहिणाऱ्या आगरकरांनी त्यांच्या पूजेअर्चेला आणि व्रतांना बंदी केली नाही. टीकाकारांना यात विसंगती दिसली. परंतु पत्नीवर आपली मते लादणे म्हणजे ज्या पुरुषी सत्तेविरुद्ध ते लिहीत होते, तीच सत्ता आपल्या घरी गाजविणे झाले असते. तिची बुद्धी तिला नेईल तेथवर तिने यावे, हे त्यांच्या विचाराला धरूनच होते.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या आयुष्यात याच्या उलट चित्र दिसते. रानडे ईश्वरनिष्ठ होते, प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. सदसद्विवेकबुद्धी ही ईश्वराची देणगी आहे अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणजे नीतीचा पाया त्यांच्या दृष्टीने अढळ होता. आचरणात मात्र ते पदोपदी माणसांसाठी थांबले. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल उठलेल्या ग्रामण्यात त्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्तही घेतले. सुधारकांपैकी अनेकांना ही माघार लागली. समाजाला बरोबर घेऊनच पुढे जायचे, ही रानड्यांची नीती होती. आणि त्याच विवाहातून रमाबाई रानडे यांच्यासारखी कर्तबगार स्त्री घडली, हेही तितकेच खरे. अढळ पायावर उभा असलेला माणूस आचरणात लवचीक आणि पाया मानवनिर्मित मानणारा माणूस उच्चारात कठोर, असे हे चित्र आहे. नीती कोठून येते याविषयीचे मत आणि नीतीसाठी किती सोसायचे याचा निर्णय, या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतातच असे नाही.

संमतिवयाचा वाद

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही अल्पवयीन मुलगी पतीच्या संबंधामुळे मृत्यू पावली आणि साऱ्या हिंदुस्थानात खळबळ उडाली. संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे करणारे विधेयक सरकारने आणले आणि ते १८९१ च्या मार्चमध्ये संमत झाले. या विधेयकाने पुण्याचे दोन तट पाडले. टिळक बालविवाहाचे समर्थक नव्हते. पण परक्या सरकारने कायद्याने आमच्या समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने आतून व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. पारतंत्र्यातील समाजाने आपल्या घरातील निर्णयाचा अधिकारही गमावला, तर त्याच्याजवळ उरते काय, या प्रश्नाला वजन होते.

आगरकरांनी याला दिलेले उत्तर त्यांच्या मापातून आले होते. दहा वर्षांच्या मुलीचा जीव हा स्वराज्य मिळेपर्यंत थांबवून ठेवण्याचा विषय नाही. कायदा कोणी केला यापेक्षा तो कोणाचे रक्षण करतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. राजकीय स्वातंत्र्य त्यांनाही हवेच होते, पण गुलामगिरी घरात ठेवून ते मिळविता येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

या भूमिकेची शिक्षा त्यांना पुण्याच्या रस्त्यावर मिळाली. त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. निंदा, शिवीगाळ आणि बहिष्कार यांच्या जोडीला दम्याचा जुना विकार बळावत होता. लेखणीची धार मात्र त्यामुळे कमी झाली नाही.

शाळेच्या घरातील पेच

तत्त्वनिष्ठा आणि परिस्थिती यांचा सर्वांत कठीण झगडा मात्र बाहेर झाला नाही. तो शाळेच्या चार भिंतींत झाला, आणि तेथे भूमिका उलट होत्या. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर संस्थेची सेवा करायची, हे ठरलेले होते. टिळकांचे म्हणणे असे, की सदस्याचा सर्व वेळ आणि सर्व शक्ती संस्थेचीच आहे. बाहेर काम करून कोणी कमाई करू नये आणि वेतन सर्वांचे समान असावे. जेझुइट धर्मगुरूंचा संपूर्ण समर्पणाचा आदर्श त्यांच्या नजरेपुढे होता. आगरकर आणि गोखले यांना हा नियम इतका ताणणे व्यवहार्य वाटत नव्हते. संसार वाढले होते, आजारपणे होती, गरजा सर्वांच्या सारख्या नव्हत्या. संस्थेचे काम चोख पार पाडल्यावर उरलेल्या वेळात सदस्याने काय करावे, यावर संस्थेने बंधन घालू नये, असे त्यांचे मत होते. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वाद विकोपास गेला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा देऊन संस्था सोडली.

सामाजिक प्रश्नांत परिस्थितीकडे पाहा म्हणणारे टिळक येथे नियमाला अपवाद मान्य करीत नव्हते. सामाजिक प्रश्नांत एक पाऊल मागे न घेणारे आगरकर येथे माणसांच्या अडचणी मोजा म्हणत होते. दोघांपैकी कोणालाही ढोंगी म्हणता येणार नाही. टिळकांच्या दृष्टीने संस्थेचा आत्मा त्यागात होता आणि एक अपवाद मान्य केला की दुसरा टळत नाही. हा धोका खराच होता. आगरकरांच्या दृष्टीने त्याग स्वेच्छेने केला तरच त्याला मोल असते. सहकाऱ्याच्या बायकामुलांच्या पोटाला चिमटा काढून घडविलेला त्याग संस्थेला फार काळ तारीत नाही. तरुणपणी आईला पत्र लिहिताना त्यांनी स्वतःपुरता निर्णय घेतला होता. तोच निर्णय इतरांवर नियम म्हणून लादायला ते तयार झाले नाहीत.

निरपेक्ष आणि सापेक्ष ही माणसांच्या दोन जातींची नावे नाहीत, हे या प्रकरणात दिसते. प्रत्येक प्रामाणिक माणूस काही ठिकाणी वाकण्यास नकार देतो आणि काही ठिकाणी वाट करून देतो. पाहायचे असते ते एवढेच, की तो वाट कोणासाठी करून देतो. आगरकरांची सवलत बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी होती. स्वतःसाठी त्यांनी ती फारशी घेतल्याचे दिसत नाही.

अखेरची वर्षे

फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो, १८९२ मध्ये वारले. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. वर्गात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे, संस्थेचा कारभार पाहायचा, ‘सुधारक’साठी लिहायचे आणि रात्री दम्याशी झुंजायचे, असा त्यांचा क्रम झाला. विद्यार्थ्याने आपली मते जशीच्या तशी उचलावीत यापेक्षा त्याने विचार करायला शिकावे, ही शिक्षक म्हणून त्यांची दृष्टी होती.

टिळकांशी तुटलेला स्नेह अखेरच्या दिवसांत काहीसा सांधला गेला. आजारी मित्राला भेटायला टिळक गेले, तेव्हा जुन्या आठवणींनी दोघेही हेलावले, असे सांगितले जाते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याच्या आत, आगरकरांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडी रक्कम आधीच बाजूला बांधून ठेवली होती, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून आली आहे. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला, आणि तो लिहिताना त्यांना पुन्हा पुन्हा थांबावे लागले, असेही सांगतात. वर्षानुवर्षे ज्याच्याशी वाद घातला, त्याच्या सचोटीविषयी प्रतिपक्षालाही शंका नव्हती.

आगरकरांनी मागितलेल्या अनेक गोष्टी आज कायद्यात आल्या आहेत. मुलामुलींचे एकत्र शिक्षण आज मराठी शाळांत, महाराष्ट्रात तसेच महाराष्ट्राबाहेरही, इतके स्वाभाविक झाले आहे की ते कोणी एकेकाळी मागावे लागले होते याची आठवणही राहत नाही. परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. मुलांच्या हाती पक्के नियम द्यावेत, की बदलत्या परिस्थितीत निर्णय घेण्याची मोकळीक द्यावी, हा पेच प्रत्येक पिढीतील शिक्षकांपुढे आणि आईबापांपुढे असतोच. आगरकरांचे आयुष्य या पेचाचे एक समर्थ उत्तर देते. चाल कोणतीही असो, ती तपासण्याची मुभा असावी. तपासण्याचे माप मात्र आपल्याला आणि दुसऱ्याला, मुलाला आणि मुलीला, बलवानाला आणि दुर्बलाला एकच असावे. त्या मापाने जे योग्य ठरेल, ते बोलताना माणसाने भिऊ नये; आणि ते करताना त्याचा खर्च शक्यतो स्वतःच्या खात्यावर टाकावा.